सगळ्यांना शेहेचाळीस

मी मुळातच भित्री. पालीला भिते, एसटी चुकेल म्हणून भिते, फोन वाजला की आधी वाईटच मनात येतं. पण सगळ्यांत जास्त भिते ती माणसांच्या रुसण्याला. कोणी तोंड वाकडं केलं की दिवसभर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. असल्या बाईने कारखान्यांमधून नेटवर्क बसवायचा उद्योग का धरावा, असं आमच्या घरात अजून विचारतात. उत्तर सोपं आहे. यंत्रं रुसत नाहीत. एकदा सांगितलं की सांगितलं तस्संच करतात. ही गोष्ट किती भयंकर असू शकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आम्ही कन्हेरीचे. आजोबांपर्यंत मेंढरं होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप मोडला आणि कालव्याच्या पाण्यावर वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची असं धरलं. दादा, माझा थोरला भाऊ, आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकला आणि लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला. तिथे मक्याचे दाणे, डाळिंबाचे दाणे, पेरूचा गर असलं गोठवून ठेवतात. गोठवायला अमोनिया लागतो आणि तो ज्या मशीन रूममधून फिरतो तिथला दादा ऑपरेटर. मी डिप्लोमा करून बारामतीत एक गाळा घेतला होता. "ह्ये काम माझी बहीण करती की," असं दादानेच त्याच्या मॅनेजरला सांगितलं आणि त्या कारखान्याचं सगळं नेटवर्क माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी हरखूनच गेले होते.

स्विच म्हणजे काय, हे मी आबांना दहादा सांगून झालंय. चपटी पेटी, तिला ओळीने भोकं, प्रत्येक भोकात एक वायर आणि वर लुकलुकणारे हिरवे दिवे. फोनवरचं बोलणं, कॅमेऱ्याचं चित्र, वजनकाट्याची चिठ्ठी, सगळं बारीक तुकडे होऊन या वायरींतून येतं. त्या एकेका तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर एक आकडा असतो, शून्यापासून त्रेसष्टपर्यंत. शून्य म्हणजे सावकाश गेलं तरी चालेल. शेहेचाळीस म्हणजे हे माणसाचं बोलणं आहे, याला आधी सोडा. स्विचच्या पोटात रांगा असतात. आत काय लिहिलंय ते तो वाचत नाही. कपाळ बघतो आणि ज्या त्या रांगेत उभं करतो. शेहेचाळीसच्या रांगेत कोणी उभं असेल तोवर बाकीच्यांनी थांबायचं. फक्त त्या रांगेला जागा मोजकीच ठेवलेली असते. ती भरली की पुढचं येणारं पॅकेट स्विच टाकून देतो, मग ते कोणाचंही असो.

वजनकाट्याचं पॅकेट टाकलं गेलं तर ते पुन्हा पाठवलं जातं. बोलण्याचं पाठवत नाहीत, कारण मागाहून आलेला शब्द कोणाच्या उपयोगाचा? तो गेला तो गेला.

आता हा आकडा लिहितं कोण, तर ज्याचं पॅकेट तो स्वतःच. फोन लिहितो, कॅमेराही लिहू शकतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, की तो पुसून दुसरा लिहायचा, हे स्विचला आधी सांगून ठेवावं लागतं. म्हणजे कोणाचा मान किती, हे शेवटी स्विच बसवणारा माणूस ठरवतो. त्या कारखान्यात तो माणूस मी होते.

आमच्याकडची लग्नं ज्यांनी पाहिली असतील त्यांना पुढचं फार समजावून सांगावं लागणार नाही. मुहूर्त दुपारी बाराचा असतो. नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घामाघूम उभे असतात. आणि माइकवाला नावं पुकारत असतो. अमुक गावचे माजी सरपंच, तमुक सोसायटीचे चेअरमन, नवरदेवाच्या आत्याचे दीर. प्रत्येकाला टोपी, टॉवेल, नारळ. एकाचं नाव राहिलं तर तो न जेवता उठतो. दादाच्या लग्नात आबांच्या चुलतभावाचं नाव चुकून राहिलं होतं. ते दोन वर्षं आमच्या उंबऱ्याला शिवले नाहीत, आणि नावांची चिठ्ठी माइकवाल्याला नेऊन देणारी मी होते. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत, तरी तेव्हापासून यादी हा शब्द ऐकला की माझ्या छातीत धडधडतं.

आणि कारखान्यात मला नेमकी यादीच करायची होती. कोणाचं पॅकेट आधी, कोणाचं नंतर. मी वही घेऊन खात्याखात्यात हिंडले. वजनकाट्यावरचे म्हणाले, "म्याडम, गाड्या गेटावर खोळंबत्यात. आमचं पयलं घ्या." मालाच्या रवानगीवाले म्हणाले, "कंटेनर चुकला तर बोलणी आमाला बसत्यात." सिक्युरिटीचे प्रमुख मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "कॅमेरं अडाकलं आन् चोरी झाली, तर जिम्मेदार कोण? तुमी?" मॅनेजरसाहेबांनी दार लोटून घेतलं आणि हळूच सांगितलं, की मालकांना पुण्यात बसून मोबाइलवर सगळा कारखाना दिसला पाहिजे, चित्र अडखळलं की ऐकून त्यांना घ्यावं लागतं. दादाने काहीच मागितलं नाही. मशीन रूमच्या भिंतीवर एक फोन, तो कंट्रोल रूमशी कायम जोडलेला. "त्यो चालला म्हंजी झालं," एवढंच तो म्हणाला.

मला शिकवलं होतं ते स्पष्ट होतं. शेहेचाळीस फक्त बोलण्याला. बाकीच्यांना खालचे आकडे, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे. मी तशी यादी केलीही होती. पण ती घेऊन सिक्युरिटीच्या केबिनबाहेर उभी राहिले आणि माझे पाय पुढे जाईनात. मी परत फिरले, कँटीनमध्ये बसून ती यादी फाडली आणि नवी लिहिली. सगळ्यांना शेहेचाळीस. फोनला, कॅमेऱ्यांना, काट्याला, रवानगीला, सगळ्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. माझ्या स्वतःच्या कामाला, म्हणजे स्विचमध्ये शिरून दुरुस्ती करायच्या वाटेला, तेवढं शून्य ठेवलं. यजमानाने शेवटच्या पंगतीला बसायचं असतं. खाली सगळ्यांनी आनंदाने सह्या केल्या. त्या दिवशी मला सहा ठिकाणी चहा मिळाला आणि मी भिगवणच्या रस्त्याने स्कूटीवर गाणी म्हणत घरी आले.

वर्षभर काहीही झालं नाही. होणार नव्हतंच. मशीन रूम आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण तिथपर्यंत मी जाडजूड फायबर केबल टाकली होती. वाट एवढी रुंद की रांगच लागत नव्हती. आणि रांग नसली की कपाळ बघायची वेळच येत नाही. माझी चूक तिथेच होती, रोज, प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर. ती फक्त कोणाला दिसत नव्हती.

मग उन्हाळ्यात आवारात जेसीबीने चर खणताना फायबर तुटली. जोडणारा माणूस आठवड्याने येणार होता. तोवर मी दोन छपरांवर दोन लहान बिनतारी डिश समोरासमोर लावल्या आणि काम भागवलं. डिशची वाट अगदी बारीक. त्यातून एका वेळी एकाच बाजूला जाता येतं, अरुंद पुलावरून गाड्या सोडाव्यात तसं. चौथ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. "फोनवर आवाज जरा तुटल्यावानी येतोय. आलीस तर बघून जा."

मी जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास पोहोचले. कंट्रोल रूममध्ये पॅनेलसमोर एक वयस्कर ऑपरेटर बसले होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. मागच्या भिंतीला माझं कपाट, त्यात ऑफिसकडचा स्विच. मी लॅपटॉप उघडला, स्टूल ओढलं आणि तात्यांना विचारलं, आवाज कधी तुटतो. ते सांगायला लागले, तेवढ्यात भोंगा झाला.

असा भोंगा सरावाच्या वेळी मी ऐकला होता. पण हा ऐकून तात्या उठून उभे राहिले, आणि सरावाला ते कधी उठत नसत. पॅनेलवर तांबडा दिवा. मशीन रूममध्ये अमोनिया सुटला होता. दादाची पाळी होती.

पद्धत अशी होती की दोघांनी पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडावर मास्क लावायचा, एकाने आत जायचं आणि दुसऱ्याने दारात पाण्याचा पाइप धरून थांबायचं. आत गेलेल्याने भिंतीवरचा फोन स्पीकरवर टाकायचा. दाबाचे आकडे एका जुन्या वेगळ्या वायरीने तात्यांच्या पॅनेलवर यायचे. तात्या आकडे वाचणार आणि आतला माणूस त्यांच्या सांगण्यावर व्हॉल्व्ह फिरवणार. दादा आत गेला. मास्कमधून त्याचा आवाज घोगरा येत होता, पण येत होता. "पंपापाशी हाय. धूर लय हाय. पयला व्हॉल्व्ह घेतो."

"घे," तात्या म्हणाले.

समोरच्या मोठ्या पडद्यावर कॅमेऱ्यात तो दिसत होता. पांढऱ्या धुक्यात एक वाकलेली पाठ. त्याने चाक फिरवलं आणि सरकत पुन्हा फोनपाशी आला. तात्यांनी आकडे बघितले. दाब उतरायचा थांबत नव्हता. म्हणजे गळती त्या व्हॉल्व्हच्या अलीकडे कुठेतरी होती, आणि आत थांबण्यात आता काहीच अर्थ नव्हता.

"ऐक रे, गळती दुसरीकडं हाय. बाहेर ये."

फोनमधून "ता..." एवढंच आलं. मग खरखर. मग काहीच नाही. मग शब्दाचं एक टोक, त्याला ना आगा ना पिछा.

"बाहेर ये म्हणतोय. ऐकू येतंय का?"

परत तुकडे. मी लॅपटॉपवर वाटेचा आलेख उघडला. डिशची वाट तुडुंब भरली होती. भोंगा झाल्याबरोबर कारखान्यातल्या प्रत्येक खात्याने मशीन रूमचा कॅमेरा उघडला होता. काट्यावर, रवानगीत, सिक्युरिटीत, आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. पुण्याहून मालकांनी. जितके बघे, तितक्या वेळा तेच चित्र त्या बारीक वाटेने येत होतं. आणि त्यातल्या प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर शेहेचाळीस. माझ्या हाताने लिहिलेला. रांग भरली की स्विच पॅकेट टाकून देत होता, चित्राचं काय आणि दादाच्या बोलण्याचं काय, त्याला सगळे सारखे. पूल तिकडून भरलेला, म्हणून तात्यांचं बोलणंही आत पोहोचत नव्हतं. मी सांगितलं होतं तस्संच तो करत होता.

दुरुस्ती दोन ओळींची होती. मशीन रूमकडच्या स्विचमध्ये शिरायचं आणि कॅमेऱ्याचा आकडा पुसायचा. मी पासवर्ड टाकला. कर्सर नुसता उघडझाप करत राहिला. तेव्हा आठवलं, माझ्या वाटेला मी शून्य ठेवलं होतं. माझं पॅकेट शेवटच्या रांगेत उभं होतं आणि पहिली रांग संपतच नव्हती. मी एक अक्षर दाबायचे आणि ते उमटायची वाट बघायचे. तिसऱ्या अक्षरानंतर तेही थांबलं.

"कॅमेरे बंद करायला सांगा सगळ्यांना," मी तात्यांना म्हणाले. तात्यांनी कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला. त्यावर पाच जणांनी हात जोडलेले पाठवले आणि बघत राहिले. त्याला बाहेर काढा, असा निरोप देऊन तात्यांनी एका हेल्परला मशीन रूमच्या दाराकडे पिटाळलं, पण वारा तिकडून इकडेच होता, त्याला कुंपणाकडून वळसा घालून जावं लागणार होतं. दारातल्या जोडीदाराचा मोबाइल वाजून वाजून बंद झाला. मास्क, हातमोजे आणि भोंगा, त्याला काय कळणार. दादा फोनपाशी उभा दिसला तरी त्याला वाटणार, काम चालू आहे.

पडद्यावर दादा फोनपाशी उभा होता. हलत नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की धूरही हलत नाहीये. चित्र गोठलं होतं. आम्ही आत्ताचा दादा बघत होतो की मघाचा, हे सांगता येत नव्हतं. तो उभा आहे की पडलाय, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"आवाज गेला की बाहेर यायचं, ह्यो नेम हाय," तात्या पुटपुटले. "दोन मिंटं. त्याच्यावर थांबायचं न्हाय. ह्यो का येईना?" त्यांनी घड्याळाकडे बघितलं. दोन मिनिटं होऊन गेली होती. चार झाली होती. माझ्या मनात एकच चित्र येत होतं आणि ते मी इथे लिहिणार नाही.

मी कपाट उघडलं. मशीन रूमच्या स्विचपर्यंत मला पोहोचता येत नव्हतं, पण सगळे बघे माझ्या या स्विचमधून जात होते. काट्याची वायर, रवानगीची, सिक्युरिटीची, मोबाइलवाल्यांचा वायफाय, बाहेर पुण्याकडे जाणारी वायर. आणि या खोलीतल्या मोठ्या पडद्याची.

मॅनेजरसाहेब दारात आले होते, कानाला फोन. माझा हात वायरीवर बघून त्यांनी फोनवर तळवा धरला. "हात लावू नकोस. मालक बघतायत. त्यांना दिसलंच पाहिजे."

मला त्यांची भीती वाटली. हे मी लपवणार नाही. माझा भाऊ विषारी वायूत उभा, आणि तरी त्या एका क्षणी मी मॅनेजरला भ्यायले, माझी बोटं थांबली. पुढे कितीतरी दिवस मला त्या थांबण्याचीच शरम वाटत होती.

मग मी पहिली वायर ओढली. तिच्या टोकाला प्लास्टिकची बारीक कळ असते, ती नखाने दाबल्याशिवाय वायर निघत नाही. दुसरी निघाली, तिसऱ्या वायरीची कळच तुटली. मॅनेजर काहीतरी ओरडत होते. पुण्याची वायर काढली तशी त्यांच्या फोनमधला आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. शेवटी राहिली मोठ्या पडद्याची. ती ओढली की दादा दिसायचा बंद होणार होता. ते गोठलेलं चित्र का होईना, पण तो होता त्यात. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ओढली. पडदा काळा झाला.

लगेच काही होत नाही. पलीकडे बघणारं कोणी राहिलं नाही, हे कॅमेऱ्याला कळायला वेळ लागतो. तोवर तो चित्र पाठवतच राहतो. मिनिटभर म्हणा. ते मिनिट मी भिंतीला पाठ लावून काढलं. वहिनीला काय सांगायचं, हे माझ्या मनात येऊन गेलं. कन्हेरीच्या घराच्या ओट्यावर बसलेले आबा दिसले. मी देवाचं नाव घ्यायला गेले आणि मला एकही देव आठवेना.

मग फोनमधून शिट्टी ऐकू आली. आधी तुटक, मग सलग, बारीक आणि न थांबणारी. टाकीतली हवा संपत आली की टाकी आपोआप अशी शिट्टी मारते.

तात्यांनी दोन्ही हातांनी फोन धरला. "बाहेर ये. समदं सोड आन् बाहेर ये. आत्ता."

शिट्टीतून दादाचा आवाज आला, अगदी स्वच्छ, शेजारच्या खोलीतून बोलावा तसा. "आलो, तात्या."

तो आला. मी पळत आवारात गेले तेव्हा जोडीदार त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होता. टाकी संपली म्हणून दादाने दारातच मास्क काढला होता, डोळे लालभडक, तो खोकत खोकत जमिनीवर बसला होता. मला बघून त्याने हात वर केला, घरी शेतातून आल्यावर करतो तसा. कंपनीच्या गाडीने त्याला इंदापूरला दवाखान्यात नेलं. गळती मागाहून बाहेरच्या मुख्य व्हॉल्व्हवरून बंद केली.

मला गाडीत जागा नव्हती, आणि वायरी तशाच सोडून जायची हिंमतही नव्हती. वाट मोकळी झाली होती, त्यामुळे मशीन रूमच्या स्विचमध्ये मी एका दमात शिरले. शेहेचाळीस फक्त फोनला ठेवला. कॅमेरे, काटा, रवानगी, सगळ्यांचे आकडे पुसून खाली आणले आणि कोणी पुन्हा आपल्या कपाळावर शेहेचाळीस लिहून आलंच तर विश्वास ठेवू नकोस, असं स्विचला बजावलं. यावेळी कोणालाही विचारलं नाही. मग एकेक वायर परत लावली. सिक्युरिटीचे प्रमुख दारात आले, बघितलं आणि तोंड फिरवून निघाले. मला त्याचं काहीही वाटलं नाही.

इंदापूरपर्यंत हायवेने जाताना शेजारून ट्रक घोंघावत जात होते आणि मी दादाला काय सांगायचं ते मोठ्याने म्हणून बघत होते. दवाखान्यात पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वहिनी आणि आबा अजून बारामतीच्या एसटीत होते. दादा खाटेवर उशाला टेकून बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी, डोळ्यांवर ओला कापूस. डॉक्टर म्हणाले होते, थोडक्यात निभावलं, दोन दिवस ठेवू.

"दादा, माझी चूक झाली," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. यादी, केबिनबाहेरून परत फिरणं, कँटीनमध्ये फाडलेला कागद, सगळं.

"समद्यांला एकच आकडा दिलास?"

"व्हय."

"त्या काट्यालाबी?"

"व्हय."

तो हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. मी पाठीवरून हात फिरवला. उबळ गेल्यावर मी विचारलं, जे दुपारपासून माझा जीव खात होतं. "आवाज तुटल्यावर तू बाहेर का न्हाय आलास? तात्या म्हणले, दोन मिंटाचा नेम हाय."

"म्हायती हाय की."

"चक्कर आली व्हती का?"

"न्हाय. बरा व्हतो."

"दार दिसंना?"

"दिसत व्हतं की. चार पावलांवर व्हतं."

"मग?"

त्याने कापूस सरकवून माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण डोळा उघडेना. "फोन तुझा व्हता," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी बसवलेला असता तर तवाच निघालो असतो. मनात म्हणलं, तायडीनं बसवलाय, ती येडंवाकडं काम करायची न्हाय. आत्ता येईल आवाज, थांबावं जरा. शिट्टी सुरू झाली तरी म्हणलं, येईल आत्ता."

तो मला दोष देत नव्हता. सकाळी किती वाजता उठलो ते सांगावं, तसं सांगत होता. मी खाटेची कड घट्ट धरली, कारण दुपारी कंट्रोल रूममध्ये जी भीती वाटली ती काहीच नव्हती, असं मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, तो आत अडकलाय. तो अडकला नव्हता. मोकळ्या दारापासून चार पावलांवर तो माझ्यामुळे उभा होता.

"परत असं करू नगंस," मी म्हणाले. "माझ्यावर भरवसा ठिवू नगंस."

"मग कुणावर ठिवू?" त्याने विचारलं. खरंच विचारलं.

नर्स डोळ्यांत थेंब घालायला आली आणि मला बाहेर जावं लागलं.

मी ते काम अजून करते. फोन बसवून झाला की त्याच्यापाशी काम करणाऱ्या माणसाला बोलावते आणि सांगते, आवाज गेला तर वाट बघायची नाही, सरळ बाहेर निघायचं. ती माणसं हसतात. म्हणतात, "म्याडम, तुमी बसवलाय की. कशाला जातोय आवाज?" मी पुन्हा सांगते. ते पुन्हा हसतात, हो म्हणतात, आणि त्यांनी मनावर घेतलेलं नाही हे मला त्यांच्या तोंडावर दिसतं. तेव्हा मला फार भीती वाटते.